अमेरिका की स्वीडन? पगार, कर, घर, मुलंबाळं आणि संधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आधी न्यू जर्सीत नोकरी केली आणि आता बरीच वर्षं स्टॉकहोममध्ये आहे. ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या पोरापोरींचे फोन येत असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. दर वेळी तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून ठेवलं. यात आकडे आहेत आणि माझी मतंही आहेत. हिशेबासाठी एका डॉलरला दहाएक स्वीडिश क्रोनर धरा. दर वरखाली होत राहतो.

दोन्हींत श्रीमंत देश कोणता?

अमेरिका. २०२३ मध्ये दरडोई उत्पन्न अमेरिकेत ८० हजार डॉलरच्या वर होतं, स्वीडनमध्ये ५५ हजारांच्या आसपास. दोन्हीकडच्या किमती हिशेबात घेतल्या की अंतर बरंच कमी होतं, पण मिटत नाही.

मात्र अमेरिकेतला माणूस वर्षाला साधारण १८०० तास काम करतो आणि स्वीडनमधला १४०० च्या थोडा वर. म्हणजे दोघांमधलं अंतर बऱ्याच अंशी तासांचं आहे. देश श्रीमंत होत गेला तसा स्वीडिश माणसाने त्यातला काही वाटा रोख न घेता सुट्टीच्या रूपात घेतला. १९७८ पासून इथे वर्षाला २५ दिवसांची पगारी सुट्टी कायद्याने मिळते. अमेरिकेत पगारी सुट्टी द्यायलाच हवी असा केंद्राचा कायदा नाही; मालक देईल ती खरी. जुलैत स्टॉकहोममधल्या एखाद्या ऑफिसला ईमेल पाठवून बघा. उत्तर ऑगस्टमध्ये येतं, आणि त्याबद्दल कोणी दिलगिरीही व्यक्त करत नाही.

ते राहू द्या. पगार किती आणि हातात किती उरतं?

सगळ्यांना खरं तर हेच विचारायचं असतं.

अमेरिकेत २०२४ मध्ये सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मधला पगार, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी असा, वर्षाला सुमारे १ लाख ३३ हजार डॉलर होता. स्टॉकहोममध्ये आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेल्याला महिना ५० ते ६० हजार क्रोनर मिळतात, म्हणजे वर्षाला ६० ते ७२ हजार डॉलर. सरळ निम्मा. इथे येणारा प्रत्येक जण पहिल्या पगारपत्रकाकडे बघून एकदा हबकतो.

आता कर. ‘स्वीडनमध्ये अर्धा पगार सरकार घेतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. महिना ३६-३७ हजार क्रोनर हा देशातला मधल्या माणसाचा पगार. त्यावर प्रत्यक्षात कापला जातो तो साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. कर नगरपालिका आणि प्रांताचा, सरासरी ३२ टक्के. पण नोकरदारांना मिळणारी सवलत वजा होते. केंद्राचा २० टक्के कर लागतो तो वर्षाला साधारण सहा लाख क्रोनरच्या वरच्या कमाईवर. ६० हजार पगारातले ४२ ते ४४ हजार हातात येतात.

पण पगारपत्रकावर न दिसणारा एक कर आहे. तुमच्या पगाराच्या वर मालक आणखी ३१.४२ टक्के सरकारकडे भरतो. तो तुमच्या खिशातून जात नाही म्हणून कोणी कुरकुरत नाही, पण पगार मुळात कमी असण्याचं ते एक कारण आहेच. शिवाय जे उरलं त्यातून काही विकत घ्यायला गेलात की बहुतेक वस्तूंवर २५ टक्के मूल्यवर्धित कर.

अमेरिकेत उलट आहे. तिथे कर कमी, पण कराबाहेरची वजाबाकी लांबलचक : आरोग्यविम्याचा हप्ता, पाळणाघर, मुलांच्या कॉलेजची पुंजी, निवृत्तीची पुंजी, दोन गाड्या आणि त्यांचे विमे. टेक्सस किंवा वॉशिंग्टन राज्यात राज्याचा उत्पन्न कर नाही. न्यू जर्सीत आहे, आणि घरावरचा कर असा की डोळे पांढरे व्हावेत.

माझा ठोकताळा सांगतो. सडाफटिंग, निरोगी, चांगल्या पगाराच्या नोकरीतला माणूस अमेरिकेत कितीतरी जास्त शिल्लक टाकतो. दोन लहान मुलांचं, मध्यम पगाराचं जोडपं स्वीडनमध्ये तितकंच किंवा बरं जगतं. आणि दुकानातल्या गल्ल्यावर बसणारा, बस चालवणारा, वृद्धाश्रमात काम करणारा माणूस स्वीडनमध्ये निःसंशय बरा राहतो. आम्हा इंजिनिअर लोकांना हा तिसरा माणूस दिसतच नाही, म्हणून आमच्या गप्पांत अमेरिका नेहमी जिंकते.

स्वीडन म्हणजे समाजवादी देश ना?

हा समज डोक्यातून काढून टाका, नाहीतर इथलं काहीच कळणार नाही.

ज्या स्वीडनबद्दल आपल्याकडचे काका-आजोबा बोलतात तो १९७० च्या दशकातला. तेव्हा खरोखर अतिरेक झाला होता. १९७६ मध्ये आस्त्रिद लिंडग्रेन या लहान मुलांच्या लाडक्या लेखिकेच्या लक्षात आलं की स्वतंत्र व्यावसायिक म्हणून वरच्या कमाईवर तिला १०२ टक्के कर बसतोय. म्हणजे आणखी शंभर कमवले तर पदरचे दोन जाणार! तिने वर्तमानपत्रात त्यावर एक उपरोधिक परीकथा लिहिली आणि देशभर हशा पिकला. त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट पक्षाची ४० हून अधिक वर्षांची सत्ता गेली. ती स्वतः त्याच पक्षाची मतदार होती हे विशेष. आयकियाचे संस्थापक इंग्वार कामप्राद तर १९७३ मध्येच देश सोडून गेले होते. ते परतले २०१४ मध्ये.

मग १९९० च्या सुरुवातीचं संकट आलं. बँका बुडायला लागल्या, आणि क्रोना वाचवण्यासाठी सप्टेंबर १९९२ मध्ये मध्यवर्ती बँकेने एका रात्रीचा व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला. क्रोना काही वाचला नाही. त्या धक्क्यानंतर देश बदलला. पेन्शन नव्याने बांधली, सरकारी खर्चाला कमाल मर्यादा घातली. सरकारी पैशावर चालणाऱ्या खाजगी शाळा १९९२ पासून सुरू झाल्या, आणि त्यांतल्या काही आज नफा कमावणाऱ्या कंपन्यांच्या हातात आहेत. असलं धाडस अमेरिकेतही फार थोड्यांनी केलं.

वारसा कर २००४ च्या अखेरीस गेला. संपत्ती कर २००७ मध्ये गेला. घरावरच्या कराच्या जागी २००८ पासून कमाल मर्यादा असलेलं नगरपालिकेचं शुल्क आलं. कंपन्यांवरचा कर २०.६ टक्के आहे. अमेरिकेच्या केंद्राचा २१. शेअर बाजारासाठी २०१२ पासून एक खास बचत खातं आहे, त्यात नफ्यावर वेगळा कर नाही, फक्त शिलकीवर किरकोळ ठोक आकारणी. अमेरिकेत मोठ्या वारशावर, ठरावीक मर्यादेच्या वर, ४० टक्क्यांपर्यंत केंद्राचा कर आहे. स्वीडनमध्ये वडिलांची अब्जावधींची मालमत्ता मुलाकडे जाताना सरकार एक क्रोनाही मागत नाही.

म्हणून लोकसंख्येच्या मानाने अब्जाधीश मोजले तर स्वीडन अमेरिकेच्या बरोबरीने उभा राहतो, काही मोजणींत पुढेही जातो. पगारांत समानता, मालमत्तेत प्रचंड विषमता. माझ्या मते इथली खरी विसंगती हीच आहे : पगारावर जगणाऱ्याकडून सरकार भरपूर घेतं आणि वारशावर जगणाऱ्याला सोडून देतं.

इथे किमान वेतनाचा कायदा नाही म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे. वेतन ठरतं ते संघटना आणि मालक यांच्या करारांतून, आणि सुमारे ९० टक्के नोकरदार अशा करारांखाली येतात. याचा पाया १९३८ मध्ये स्टॉकहोमजवळच्या साल्टशेबादेन या गावातल्या हॉटेलात घातला गेला. कामगार आणि मालक यांनी ठरवलं की आपसांत मिटवू, सरकारला मध्ये घेणार नाही. म्हणजे आज सरकारने किमान वेतनाचा कायदा करतो म्हटलं तर इथे आधी विरोध करतील त्या कामगार संघटनाच.

अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून तसंच अडकलेलं. बऱ्याच राज्यांनी आपापलं बरंच वर नेलंय, पण सगळ्यांनी नाही. टिपवर जगणाऱ्या वेटरसाठी केंद्राचा दर २.१३ डॉलर आहे आणि तो १९९१ पासूनचा.

या दोन पद्धती समोरासमोर आल्या की काय होतं ते बघायचं तर टेस्लाचा संप बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये कामगार संघटनेने टेस्लाच्या स्वीडनमधल्या गॅरेजमध्ये संप पुकारला, कारण कंपनी सामूहिक करारावर सही करेना. लगेच गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या उतरवणं थांबवलं, टपालवाल्यांनी नंबरप्लेटची पाकिटं पोचवणं थांबवलं. संपावर गेलेले कामगार होते थोडेच. पण एकाने सही टाळली तर उद्या सगळेच टाळतील, ही भीती खरी होती.

गरिबाघरचं पोर कुठे वर चढतं? ‘अमेरिकन ड्रीम’ तर अमेरिकेतच ना?

स्वप्न तिकडचं, पण आकडे इकडच्या बाजूने आहेत.

अर्थतज्ज्ञ एक साधी गोष्ट मोजतात : बापाची कमाई सरासरीपेक्षा जितकी जास्त किंवा कमी, त्यातलं किती मुलाच्या कमाईत उतरतं? अमेरिकेत जवळजवळ निम्मं उतरतं. स्वीडनमध्ये पाव हिस्सा किंवा थोडं जास्त. म्हणजे कुठल्या घरी जन्मलात याचं वजन अमेरिकेत जास्त आहे. विषमता जितकी जास्त तितकं हे बापाकडून मुलात उतरणं जास्त, असं दाखवणारा देशोदेशींचा एक आलेखही २०१२ मध्ये गाजला होता.

यावर सर्वांत बारकाईने काम केलं ते राज चेट्टी यांनी. जन्म नवी दिल्लीचा, लहानपणीच अमेरिकेला गेले, आता हार्वर्डला प्राध्यापक. त्यांच्या गटाने लक्षावधी करनोंदी चाळून दाखवलं की १९४० मध्ये जन्मलेल्या अमेरिकन मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलं पुढे आईबापांपेक्षा जास्त कमावू लागली. १९८० मध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आलं. त्यातलं सगळंच देशाची वाढ मंदावल्यामुळे नाही. झालेली वाढ कोणाच्या ताटात पडली, हा त्यातला मोठा भाग.

त्यांचा दुसरा शोध मला जास्त महत्त्वाचा वाटतो : ‘अमेरिका’ अशी एक जागा नाहीच. उत्पन्नाच्या तळच्या पाचव्या हिस्स्यातलं मूल वरच्या पाचव्या हिस्स्यात पोचण्याची शक्यता सॅन होजेमध्ये सुमारे १३ टक्के होती आणि शार्लटमध्ये ४.४ टक्के. देश तोच, झेंडा तोच, आणि शक्यतेत तिपटीचा फरक. तिथे शाळांचा बराच पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो, म्हणजे महागडी वस्ती असेल तर शाळा चांगली. न्यू जर्सीतले आपले लोक आधी शाळेचा क्रमांक बघतात आणि मग घर बघतात, ते उगीच नाही. एका अर्थी ते शाळेची फी घराच्या हप्त्यातून भरत असतात.

आता स्वीडनची दुसरी बाजू. तळापासून मध्यापर्यंत शिडी छान आहे. अगदी टोकाला मात्र घराणी बसलेली आहेत. बँका आणि उद्योगांतल्या वॉलेनबर्ग घराण्याचा दबदबा पाच पिढ्यांचा आहे, आणि सर्वांत वरच्या उत्पन्न गटात बापाकडून मुलाकडे जाणारी श्रीमंती इथेही घट्ट चिकटते, हे स्वीडिश संशोधकांनीच दाखवलंय. आणि शिडीचे हे सगळे आकडे मुख्यतः इथेच वाढलेल्या मुलांचे आहेत. पस्तिशीत सुटकेस घेऊन उतरलेल्या माणसाला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत.

मग स्वीडिश लोक अमेरिकेला का पळाले होते?

कारण तेव्हा उपासमार होती! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत सुमारे १३ लाख स्वीडिश लोक अमेरिकेत गेले. १८६७ ते १८६९ या काळात इथे पीक बुडालं, आधी ओल्याने आणि मग कोरड्या दुष्काळाने. दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांडच्या दगडाळ जमिनीत बटाटा निघेना, आणि पलीकडे अमेरिकेच्या १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. मिनेसोटात आजही गावांची नावं, आडनावं आणि चर्चं स्वीडिश आहेत.

इतके लोक जायला लागल्यावर राज्यकर्ते घाबरले आणि १९०७ मध्ये चौकशी आयोग नेमला : माणसं का जातात? आपल्या देशातली घरं, जमीन आणि मताचा हक्क सुधारल्याशिवाय ती थांबणार नाहीत, हा त्यातून निघालेला धडा. पुढे १९२८ मध्ये सोशल डेमोक्रॅट नेते पेर आल्बिन हानसन यांनी देश म्हणजे ‘लोकांचं घर’ अशी कल्पना मांडली, आणि पुढची चार दशकं तिच्यावर उभी राहिली. एका अर्थी कल्याणकारी स्वीडन उभा राहण्यात अमेरिकेच्या ओढीचाही हात आहे.

आजारी पडलो तर?

स्वीडनमध्ये बिलाची भीती नाही, रांगेची आहे. बाह्यरुग्ण तपासणीचा तुमचा खर्च बारा महिन्यांत साधारण १४०० क्रोनरपर्यंत, त्यापुढे फुकट. पण तज्ज्ञ डॉक्टरकडे ९० दिवसांत नेण्याची हमी अनेकदा कागदावरच राहते. आपल्याकडे चौकातल्या डॉक्टरकडे संध्याकाळी सहज जाऊन येतात, तसं इथे होत नाही. ११७७ ला फोन करा, नर्स सांगेल : दोन गोळ्या घ्या, भरपूर पाणी प्या, तीन दिवस बघा. पहिल्या वर्षी या सल्ल्याचा संताप येतो. गंभीर आजार निघाला की मात्र यंत्रणा धावते, आणि घरावर कर्ज होत नाही.

अमेरिकेत उत्तम विमा असेल तर जगातले उत्तम उपचार पटकन मिळतात. नसेल तर देवाला हात जोडा. सुमारे ८ टक्के लोकांकडे विमाच नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनाही आधी ‘डिडक्टिबल’, म्हणजे विमा लागू होण्याआधीचा ठरावीक खर्च, खिशातून भरावा लागतो, हॉस्पिटल विमा कंपनीच्या ‘नेटवर्क’मध्ये आहे का हे बघावं लागतं. न्यू जर्सीत एका रात्री माझं पोट दुखायला लागलं. चार तास हॉस्पिटलात काढले, निदान निघालं अपचन, आणि पुढचे पाच महिने वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी बिलं येत राहिली. अपचन त्या बिलांनीच बरं केलं असावं.

सरासरी आयुर्मान स्वीडनमध्ये सुमारे ८३ वर्षं, अमेरिकेत ७८-७९. वर्षाच्या आत दगावणारी बाळं स्वीडनमध्ये हजारी दोनच्या आसपास, अमेरिकेत पाचाच्या वर. आणि आरोग्यावर खर्च जास्त करते अमेरिका.

मूल झालं की दोन्हीकडे काय होतं?

स्वीडनमध्ये एका मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवस रजा. त्यातले ३९० दिवस पगाराच्या साधारण ८० टक्के, पण एका कमाल मर्यादेपर्यंत. उरलेले ९० दिवस किरकोळ ठोक रकमेवर. ९० दिवस आईसाठी आणि ९० दिवस बापासाठी राखीव. बापाने घेतले नाहीत तर बुडाले. ही रजा बापालाही देणारा स्वीडन १९७४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. सकाळी दहाला कॅफेत बाबागाड्या लावून गप्पा मारत बसलेले दाढीवाले बाप बघितले, की सुरुवातीला आपल्या लोकांना वाटतं यांच्या नोकऱ्या गेल्या.

वर्षाचं झालं की मूल बालवाडीत जातं, आणि शुल्काला कमाल मर्यादा आहे : पहिल्या मुलाला महिना साधारण १७०० क्रोनर. दर मुलामागे दरमहा १२५० क्रोनर भत्ता, श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच. शाळेत दुपारचं गरम जेवण फुकट. मूल आजारी पडलं तर घरी राहायला वेगळी भरपाई मिळते. तिला ‘वाब’ म्हणतात. फेब्रुवारीत सगळीच मुलं सर्दीने बेजार असतात, म्हणून त्या महिन्याला गमतीने ‘वाबरुआरी’. मीटिंगमध्ये कोणी ‘आज वाब’ म्हटलं की पुढे प्रश्न विचारायचा नसतो.

अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने बारा आठवडे रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि ५० हून कमी माणसांच्या खाजगी कंपनीत तीही नाही. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क अशा काही राज्यांनी पगारी रजा आणली आहे आणि मोठ्या कंपन्या स्वतःहून देतात. पाळणाघराला शहराप्रमाणे महिना हजार ते अडीच हजार डॉलर धरा. म्हणूनच आपल्याकडच्या आज्या सहा-सहा महिन्यांच्या पाळीने एडिसन आणि सनीव्हेलच्या वाऱ्या करतात. त्या आज्यांच्या कष्टावर अमेरिकेतले कितीतरी मराठी संसार उभे आहेत, आणि कुठल्याही आकडेवारीत त्या नाहीत. जुलै २०२४ पासून स्वीडनमध्ये आईबाप आपले काही पगारी दिवस आजी-आजोबांना देऊ शकतात. पण आजी स्वीडनच्या सामाजिक विम्यात असावी लागते, त्यामुळे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजीला काही मिळत नाही. विचारलंय मी.

घर मिळतं का?

या एका बाबतीत स्टॉकहोमने हात टेकलेत. भाड्यांवर नियंत्रण आहे, म्हणून भाडी कमी, म्हणून रांग प्रचंड. शहराच्या रांगेत नाव घालायचं, वर्षाला २०० क्रोनर भरायचे आणि वाट बघायची. सरासरी नऊएक वर्षं, मध्यवस्तीत त्याच्या दुप्पट. १८ वर्षांची झाली की स्वीडिश मुलं आधी रांगेत नाव घालतात. नवख्याला पोटभाडेकरू म्हणून दुप्पट भाड्याने फिरावं लागतं. माझी पहिल्या तीन वर्षांत पाच घरं झाली. रांगेचा हा नियम कागदावर सगळ्यांना समान आहे, पण फायदा ज्याचा जन्मच इथला त्याला.

विकत घ्यायचं तर फ्लॅट म्हणजे सोसायटीतला हिस्सा, आणि कर्जाचा दर बहुधा तरता. व्याज वाढलं की हप्ता लगेच वाढतो. २०२२-२३ मध्ये भल्याभल्यांची झोप उडाली. अमेरिकेत तीस वर्षांचा एकच बांधलेला दर मिळतो, ही मध्यमवर्गाला मिळालेली मोठी देणगी आहे. शिवाय घरं मोठी, अंगण मागे आणि पुढे.

नोकरी गेली तर?

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मालक कुठलंही कारण न देता आजच्या आज काढू शकतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर साधारण ६० दिवसांत नवी नोकरी, नाहीतर बिस्तरा गुंडाळायचा. स्वीडनमध्ये कायद्याने नोटीस नोकरीच्या वर्षांप्रमाणे एक ते सहा महिने. वर्क परमिटवर असाल तर नवं काम शोधायला साधारण तीन महिने मिळतात. बेकारीचा भत्ता मिळतो ‘आ-कासा’तून, म्हणजे बेकारी विम्याच्या संस्थेतून, आणि तिचं सभासदत्व ऐच्छिक आहे. आल्या आल्या सभासद व्हा. हा सल्ला मी सगळ्यांना देतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत.

पण इथे नोकरी सुरक्षित असते हा गैरसमज. कारखाना तोट्यात गेला तर स्वीडन तो बुडू देतं. २००८-०९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायसलर यांना वाचवायला भांडवलशाही अमेरिकेने सरकारी तिजोरी उघडली. इकडे साब मोटारींचा ट्रोलहेत्तानचा कारखाना अडचणीत आला तेव्हा ‘समाजवादी’ स्वीडनने तो विकत घ्यायला साफ नकार दिला. २०११ च्या डिसेंबरात दिवाळं निघालं. बॅटरी बनवणाऱ्या नॉर्थव्होल्टचंही मार्च २०२५ मध्ये तेच झालं. कारखाना सांभाळायचा नाही, कामगार सांभाळायचा : त्याला भत्ता, नवं शिक्षण, नवी नोकरी. हे तत्त्व कामगार संघटनांच्याच दोन अर्थतज्ज्ञांनी १९५० च्या सुमाराला मांडलं होतं.

आणि नवी नोकरी मिळणं सध्या अवघड. बेकारी २०२४ मध्ये ८ टक्क्यांच्या वर होती. अमेरिकेत ४ च्या आसपास. परदेशात जन्मलेल्यांत तर इथला आकडा बराच वर जातो. अमेरिका पटकन काढते आणि पटकन घेतेही.

स्वतःचा धंदा काढायचा असेल तर?

सुरुवात करायला स्वीडन, मोठं व्हायला अमेरिका. १९९७ च्या कायद्याने धंदा काढण्यासाठी सहा महिने बिनपगारी रजा मिळते. जमलं नाही तर परत खुर्चीवर. मुलाचा दवाखाना आणि शाळा मालकावर अवलंबून नसल्यामुळे उडी घ्यायला धाडस कमी लागतं. अमेरिकेत केवळ विम्यासाठी नावडत्या नोकरीत अडकलेले हुशार लोक मी पाहिलेत. स्पॉटिफाय, क्लार्ना, माइनक्राफ्ट हे सगळं स्टॉकहोमचं. पण देश एक कोटी पाच लाख लोकांचा, मुंबईहूनही लहान. त्यामुळे स्पॉटिफायने २०१८ मध्ये आणि क्लार्नाने २०२५ मध्ये शेअर नोंदवले ते न्यू यॉर्कला, आणि माइनक्राफ्ट २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला नेलं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. धंदा बुडून व्यक्तिगत कर्ज डोक्यावर आलं तर अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर करून बऱ्यापैकी लवकर मोकळं होता येतं. स्वीडनमध्ये कर्ज तुमच्या मागे चालत राहतं. सुटका हवी तर अनेक वर्षं काटकसरीत काढावी लागतात आणि वसुली खात्याकडे नावाची नोंद राहते. पडणाऱ्याला झेलण्यात एरवी पुढे असलेला देश इथे मात्र मागे आहे.

आम्हाला व्हिसा कुठे सोपा?

अमेरिकेत दरवर्षी एच-१बी ८५ हजार, त्यांची सोडत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ग्रीन कार्डात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दशकांची आहे. मुलगा २१ चा झाला की तो आईबापांच्या अर्जातून गळतो.

स्वीडनमध्ये सोडत नाही. ऑफर हवी आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर हवा. ती मर्यादा नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ हजार क्रोनरवरून एकदम २७,३६० वर गेली आणि पुढेही वाढली. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी असते. अमेरिकेत एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर वर्षं घरी काढलेल्या बायकांना विचारा, याची किंमत काय. पण परवानगी असणं वेगळं आणि काम मिळणं वेगळं. नियमही वर्षागणिक कडक होताहेत, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आलेल्या मित्राचा सल्ला आज धरू नका.

पुण्याच्या लोकांना एक जास्तीची वाट आहे. दापोडी-चिंचवड पट्ट्यात आल्फा लाव्हाल, सँडविक, अ‍ॅटलस कॉप्को, एसकेएफ अशा स्वीडिश मुळाच्या कंपन्या कित्येक दशकं आहेत. तिथून कंपनीअंतर्गत बदलीवर येणं हे थेट अर्ज करण्यापेक्षा बरंच सोपं.

पेन्शनचं काय?

अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीसाठी साधारण दहा वर्षं कमाईची नोंद लागते, आणि भारत-अमेरिका यांच्यात त्याबद्दल करार नाही. सात वर्षं भरून परत आलात तर ते पैसे गेलेच समजा. स्वीडनशी भारताचा असा करार आहे. स्वीडनमध्ये दरवर्षी नारिंगी पाकीट येतं, त्यात तुमच्या नावे किती जमलं ते लिहिलेलं असतं. ते फेकू नका.

गोळीबाराच्या बातम्या वाचतो. सुरक्षित आहे का?

टोळ्यांचा प्रश्न खरा आणि गंभीर आहे. २०२२ मध्ये गोळीबारात ६२ माणसं गेली. युरोपच्या मानाने हे फारच. त्याच वर्षी अमेरिकेत बंदुकीने गेलेले, आत्महत्या धरून, ४८ हजार.

थंडी आणि एकटेपणा?

थंडीला कपडे आहेत. डिसेंबरात स्टॉकहोमला सहा तास उजेड, त्यावर औषध नाही. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात शेजारी ‘पाय’ (pie) हा तिथला भाजलेला पदार्थ घेऊन येतो आणि मराठी मंडळाचा गणपती, नाटक, ढोलपथक सगळं तयार असतं. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. इथे शेजारी लिफ्टमध्ये कोणी नाही ना हे बघून दार उघडतो.

स्वीडिश शिकावंच लागतं का? सगळ्यांना इंग्रजी येतं ना?

येतं, आणि गोची तिथेच आहे. तुम्ही अडखळलात की ते इंग्रजीवर येतात, मग तुमचं स्वीडिश सुधारत नाही. मीटिंग इंग्रजीत होते. बढती ठरते ती कॉफीच्या टेबलावर, स्वीडिशमध्ये. नगरपालिकेचे वर्ग फुकट आहेत, संध्याकाळचेही मिळतात. व्यक्तिक्रमांक (आपल्या आधारसारखा इथला ओळख क्रमांक) हातात पडला की त्याच आठवड्यात नाव घाला.